आधी हवाबंद, मग चकचकीत

जुनी टू-स्ट्रोक गाडी हाती आली की बहुतेक माणसं टाकीपासून सुरुवात करतात. टाकीला रंग, चाकांना क्रोम, सीटला नवं कव्हर आणि मग समारंभाने किक. गाडी सुरू होते, दोन-चार दिवस झकास पळते, आणि एखाद्या चढावर पिस्टन पकडतो. इतका खर्च करूनही असं का झालं, याचं उत्तर टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात आहे. ते समजून घ्यायला यामाहाची डीटी-१ ही फार चांगली गाडी आहे. ती तिच्या काळात मोठी होतीच, आणि आज ती ज्या अवस्थेत सापडते त्यावरून या कामातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी शिकून होतात.

१९६७ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या मोटर शोमध्ये ती दिसली आणि १९६८ साली अमेरिकेत विकायला आली. तोवर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणि डोंगरवाटांवर गाडी घालायची तर दोनच मार्ग होते. एक म्हणजे 'स्क्रॅम्बलर' नावाने विकली जाणारी, पण मुळात रस्त्यावरचीच असलेली जड गाडी. फरक इतकाच, की तिचा सायलेन्सर वर उचललेला. दुसरा म्हणजे हस्कवर्ना किंवा बुलटाको यांसारखी युरोपातली शर्यतीची गाडी. स्वीडनचा जगज्जेता टॉर्स्टन हॉलमन १९६६ मध्ये हस्कवर्ना घेऊन अमेरिकेत आला, तेव्हा हलकी टू-स्ट्रोक मातीत काय करू शकते हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. यामाहाने ते हेरलं. डीटी-१ मातीसाठी म्हणून कोऱ्या कागदावर आखली गेली. २४६ सीसीचा एकच सिलिंडर, पाच गिअर, पुढे १९ इंची आणि मागे १८ इंची चाक, वजन सव्वाशे किलोच्या आत. वर दिवा आणि नंबरप्लेटही होती. सोमवार ते शुक्रवार कामावर न्यायची आणि रविवारी डोंगरात घालायची, अशी ही गाडी. ती तुफान खपली.

आज तिचं पुनरुज्जीवन करणाऱ्याला पहिली अडचण येते ती याच रविवारांमुळे. मातीत जाणाऱ्या मालकांनी वजन कमी करायला दिवा, स्पीडोमीटर, आरसे, मागचा मडगार्ड असे भाग काढून टाकले आणि ते गॅरेजच्या कोपऱ्यात हरवले. म्हणून अशी गाडी घेताना तुटलेल्या भागांपेक्षा नसलेले भाग आधी मोजावेत. वाकलेला फूटरेस्ट सरळ होतो, गंजलेली रिम बदलते, पण मूळ स्पीडोमीटर शोधण्यात वर्ष जातं. फ्रेमवरचा आणि इंजिनावरचा नंबर वाचून घ्यावा. स्विंगआर्म धरून आडवा हलवून पाहावा. बुश झिजला असेल तर तिथेच कळतं. आणि उत्साहात लगेच किक मारू नये. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात गंज धरलेला असतो. प्लग काढून त्या भोकातून थोडं तेल सोडावं, एक रात्र जाऊ द्यावी, मग हाताने हळूहळू फिरवावं.

आता त्या पोटातल्या गोष्टीकडे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची जागा नुसती तेलाची. टू-स्ट्रोकमध्ये तीच जागा पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमध्ये ओढलं जातं, खाली येताना ते दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी पिस्टनच्या वर चढतं. डीटी-१ ला या वाटा आणि एक्झॉस्ट धरून पाच पोर्ट होते. पंप म्हटला की तो हवाबंद हवा, आणि इथे ती जबाबदारी क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या दोन रबरी ऑइल सीलांवर असते. पन्नास वर्षांनी ते रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं.

डावीकडचं, मॅग्नेटोच्या बाजूचं सील गळलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं, पिस्टन पकडतो किंवा त्याला वरून भोक पडतं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गळलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि गिअर ऑइल कुठे गेलं हे कळत नाही. कार्बोरेटरचे जेट कितीही बदलले तरी यातलं काहीच सुटत नाही. कितीतरी चांगले कार्बोरेटर या कारणाने उगाच बदनाम झाले आहेत.

याची तपासणी स्वस्त आहे आणि ती न करता इंजिन गाडीत बसवणं मला अक्षम्य वाटतं. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत ६ पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटं मीटरकडे पाहायचं. दाब मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि मीटर इथे छान चालतो. त्यावरचा ३०० चा आकडा म्हणजे जवळपास ६ पीएसआय. सील आणि बेअरिंगांसाठी दरवेळी परदेशातून पार्सल मागवावं लागत नाही. सीलवर माप आणि बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो वाचून चांगल्या बेअरिंगच्या दुकानात जावं.

पुढचं काम लेथवाल्याचं. आपल्याकडे यात मोठी जमेची बाजू आहे. भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या आरएक्स १०० या गाडीमुळे टू-स्ट्रोकचं रिबोअर हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कारागिरांच्या हातात बसलेलं काम आहे. बोअर एका वेळी पाव मिलिमीटरने वाढवतात आणि पिस्टन व सिलिंडरमध्ये जेमतेम चार-पाच शतांश मिलिमीटर जागा ठेवतात. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या हाताने हलक्या घासून बोथट केल्या नाहीत तर रिंग त्यात अडकते आणि तुटते. पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्याशी आणून ठेवायची असतात, म्हणजे ती पोर्टच्या उघड्या तोंडावर येत नाहीत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

क्रँक सुटे भाग दाबून जोडलेला असतो. बिग एंड बेअरिंग बदलायचं तर हायड्रॉलिक प्रेसवर तो उघडावा लागतो आणि पुन्हा दाबल्यावर सेंटरिंग करावं लागतं. हे ज्याला जमतं त्याच्याकडेच द्यावं, मग तो शंभर किलोमीटरवर का असेना. फ्लायव्हील काढायला पुलरच वापरावा. हातोड्याने क्रँक वाकडा होतो.

सायलेन्सरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वात जास्त खेळ त्याच्याशीच होतो. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टचा आकार हा इंजिनाचाच भाग आहे. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी हे शास्त्र शर्यतीत सिद्ध केलं. रुंदावत जाणारा शंकू मागे खेचणारी लहर पाठवतो, त्याने जळका वायू बाहेर निघतो. पुढे अरुंद होत जाणारा शंकू दाबाची लहर परत पाठवतो, आणि बाहेर पळू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकललं जातं. एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे निसटला, ते ज्ञान सुझुकीकडे घेऊन गेला आणि १९६२ साली ५० सीसीचा जगज्जेता झाला. म्हणून आवाजासाठी पाइप कापणं म्हणजे ताकद कापणं. आत साठलेला काळा थर कॉस्टिक सोड्याने काढावा, हातमोजे आणि चष्मा घालून. आकाराला हात लावू नये.

ऑटोल्यूब पंपाचंही तसंच. इंजिन फिरतं त्या वेगाने आणि थ्रॉटल उघडेल तसं २टी तेल मोजून सोडणारा हा पंप पुष्कळ जण काढून फेकतात आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवतात. शर्यतीत ठीक आहे. पण डीटी-१ च्या वेगळेपणात या पंपाचा वाटा मोठा, तो दुरुस्त होत असेल तर ठेवावा. नळीतली हवा पूर्ण काढावी आणि पहिल्या टाकीत पंप चालू असूनही थोडं तेल मिसळावं.

रंगाची पाळी यानंतर. माझं मत विचाराल तर मातीतल्या गाडीच्या फ्रेमवरचे सगळे ओरखडे बुजवू नयेत. गंज थांबवा, तडा वेल्ड करा, टाकी आतून गंजमुक्त करा. कारखान्यातूनही निघाली नव्हती इतकी चकचकीत करण्यात मात्र अर्थ नाही. आणि आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. कार्बोरेटरचे ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी नव्या जातीची घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

पहिल्या दिवशी फक्त तापवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, पुन्हा तापवायची. सिलिंडर हेडचे नट थंड असताना परत कसायचे. पहिले काही तास अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जायचं नाही, लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटून धावायचं नाही, कारण तेव्हा पिस्टनला पुरेसं तेल मिळत नाही. मग प्लग काढून पाहायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर जेट बरोबर आहे. पांढरं दिसलं तर गाडी तिथेच थांबवून पुन्हा सील तपासायचं.