नळीपासून बोंडल्यापर्यंत
पिंपळगाव राजासारख्या गावी अपुऱ्या दिवसांचे मूल इस्पितळातून घरी येते, तेव्हा आजीबाई फडताळातले बोंडले काढतात, आणि ते योग्यच; कारण चोखणे, गिळणे व श्वसन यांचा मेळ गर्भकाळाच्या 34 व्या आठवड्याच्या सुमारास जुळत असल्याने, प्रथम जठरात घातलेली नळी, मग उकळून घेतलेले बोंडले वा वाटी-चमचा, आणि अखेरीस स्तनपान, हा क्रम शास्त्रसंमत आहे. नळी असतानाच, पिळून रिकाम्या केलेल्या स्तनाशी बाळास लावल्यास चोखण्याचा सराव होतो. मुंबईच्या शीव इस्पितळात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापिलेल्या मातृदुग्धपेढीचा लाभ विशेषतः अशाच बालकांना झाला. एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाण्याची घाई मात्र करू नये. पाजताना ओठ निळसर पडले वा श्वास अडखळला, तर तत्काळ थांबून डॉक्टरांस दाखवावे.