केसांच्या बटा आणि नागरी हक्कांची लढाई

मुलाखत झाली, निवडही झाली. परंतु केसांच्या जटासदृश बटा कापण्यास नकार दिल्यामुळे नेमणूक रद्द करण्यात आली. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २०१० साली एका कृष्णवर्णीय महिलेवर हा प्रसंग ओढवला. समान रोजगार संधी आयोगाने तिच्या वतीने न्यायालयात धाव घेतली. मात्र २०१६ मध्ये अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

या निकालामागचा तर्क समजून घेण्याजोगा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंशभेद करण्यास मनाई केली; पण 'वंश' म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. न्यायालयांनी जन्मजात आणि न बदलता येणाऱ्या गुणधर्मांपुरताच त्याचा अर्थ सीमित ठेवला. कातडीचा रंग आणि केसांचा मूळ पोत बदलता येत नाही, म्हणून त्यांना संरक्षण. केशरचना बदलता येते, म्हणून तिला नाही. प्रत्यक्षात दाट कुरळ्या केसांसाठी बारीक वेण्या किंवा पीळदार बटा हीच निगा राखण्याची स्वाभाविक रीत असते. ते सरळ करायचे, तर रसायने आणि उष्णतेचा वारंवार मारा करावा लागतो. 'केस नीटनेटके असावेत' हा नियम वरकरणी सर्वांना सारखा असला, तरी त्याची किंमत एकाच समाजाला मोजावी लागते.

ही पळवाट बुजवण्याचा मार्ग वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर राज्यांच्या विधिमंडळांत सापडला. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर हॉली मिचेल यांनी मांडलेल्या 'क्राऊन' विधेयकावर गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ३ जुलै २०१९ रोजी स्वाक्षरी केली. या कायद्याने नवे आयोग वा नवी न्यायालये निर्माण केली नाहीत. केसांचा पोत, वेण्या, बटा आणि पीळ यांचा समावेश राज्याच्या कायद्यातील 'वंश' या शब्दाच्या व्याख्येत केला, एवढेच. तरीही त्याचा परिणाम नोकऱ्यांपासून शाळांपर्यंत पोहोचला.

राज्यांच्या कायद्याचा आणखी एक लाभ आहे. केंद्रीय कायदा किमान १५ कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. कॅलिफोर्नियाचा कायदा पाच कर्मचाऱ्यांपासूनच. 'नॅशनल अर्बन लीग' आणि 'कलर ऑफ चेंज' यांसारख्या संघटनांनी समान मसुदा घेऊन राज्याराज्यांत पाठपुरावा केला. न्यूयॉर्कने त्याच महिन्यात असा कायदा केला. न्यू जर्सीत डिसेंबर २०१८ मध्ये एका शालेय कुस्तीगिराला 'बटा काप, नाही तर लढत सोड' असा पर्याय देण्यात आला होता. वर्षभराने, त्याच तारखेला, तेथील कायद्यावर स्वाक्षरी झाली. पुढे वीसहून अधिक राज्ये या वाटेने गेली. याउलट केंद्रीय विधेयक प्रतिनिधिगृहात २०२० आणि २०२२ मध्ये संमत होऊनही दोन्ही वेळा सिनेटमध्ये अडकले.

अर्थात, कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२३ पासून असा कायदा अमलात आला. त्यानंतरही एका विद्यार्थ्याला बटांच्या लांबीवरून महिनोन् महिने वर्गाबाहेर ठेवण्यात आले. कायद्यात केशरचनेचा उल्लेख आहे, लांबीचा नाही, असे कारण देत फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने शाळेचा नियम ग्राह्य धरला. व्याख्येत राहून गेलेला एक शब्द किती महागात पडतो, याचे हे उदाहरण.

मराठी वाचकांना यातील एक धागा परिचयाचा वाटेल. कॅलिफोर्नियातच २०२३ मध्ये सिनेटर आयशा वहाब यांनी भेदभावविरोधी कायद्यातील 'वंशपरंपरा' या शब्दाच्या व्याख्येत जातीचा स्पष्ट समावेश करणारे विधेयक मांडले. विधिमंडळाने ते संमत केले. परंतु प्रचलित तरतुदींत जातिभेदाला आधीच मनाई आहे, असे सांगून गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. समर्थकांचे म्हणणे होते, की जे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही, ते न्यायालयात सिद्ध करण्याचा भार पीडितावरच पडतो. अलाबामातील त्या महिलेचा अनुभव याच म्हणण्याला बळ देतो.