रिसेप्शनची गाणी घरच्या घरी

परवा मावसबहिणीच्या रिसेप्शनला डीजे परवडणार नव्हता. दोन स्पीकर स्टँडसकट भाड्याने आणले, सोबत छोटा मिक्सर आणि कॉर्डलेस माइक. गाणी माझ्या लॅपटॉपवर.

गाणी आधीच डाउनलोड करा. हॉलमध्ये रेंजचा भरवसा नाही.

ब्लूटूथ नकोच! गर्दी झाली की आवाज तुटतो, कारण माणसाच्या शरीरातलं पाणी तो सिग्नल शोषून घेतं. 3.5 मिमी जॅकची साधी वायर घ्या, एक जास्तीची खिशात ठेवा. फोनवरून वाजवणार असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका. आमच्या तालमीत मामांचा फोन आला आणि रिंगटोन हॉलभर घुमली.

स्पीकर माइकच्या पुढे आणि डोक्यांच्या वर हवेत. मागे ठेवलेत तर शिटी वाजणारच.

पाहुणे येताना आम्ही बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लावली, आजी दारातच थांबून ऐकत राहिली. पंगतीला भावगीतं, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच आवाजात. नाच शेवटी, पण लॉनवर असाल तर साडेआठलाच सुरू करा, उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही.

मिक्सरच्या जोडणीबद्दल काही अडलं तर खाली विचारा, फोटो टाकलात तर आणखी बरं.