‘उडती शवपेटी’ म्हणण्याआधी

मुकुटबन, झरी, वणीच्या टापूत बारावी झालेल्या पोराने हवाई दलाचे नाव काढले, की घरातून एक वाक्य हमखास येते: मिगमध्ये बसवतील, ती तर उडती शवपेटी आहे. मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप देण्यात आला. १९६३ साली जिथे ते दाखल झाले, तिथेच ६२ वर्षांनी त्याची सेवा संपली. विमान निवृत्त झाले, वाक्य मात्र झाले नाही. आणि ते अर्धवट आहे, म्हणून जास्त नुकसान करते. पूर्ण खोटे असते तर एका आकड्याने पडले असते. अपघात झाले, माणसे गेली, हे खरेच आहे. पण ती का गेली, याचे जे उत्तर हे दोन शब्द देतात ते चुकीचे आहे. सारा दोष यंत्राच्या माथी मारला की ज्यांच्या टेबलांवर निर्णय वर्षानुवर्षे पडून राहिले, त्यांना कोणी जाब विचारत नाही. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आधी आकडे, कारण वाद तिथूनच सुरू होतो. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत माहिती दिली, की १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हाच आकडा पुढे ‘मिग-२१ चे बळी’ म्हणून फिरत राहिला. उत्तरातला शब्द होता मिग विमाने. मिग-२३, मिग-२७, मिग-२९ ही सारी त्या मालिकेतलीच. दुसरे असे, की नुसती बेरीज काहीच सांगत नाही. गावोगाव धावणाऱ्या एसटीचे अपघात एखाद्या छोट्या खासगी गाडीवाल्याच्या अपघातांपेक्षा संख्येने जास्तच भरणार. तुलना करायची तर किती गाड्या किती किलोमीटर धावल्या ते धरावे लागते. हवाई दलही अपघाताचा दर दहा हजार उड्डाणतासांमागे मोजते तो याचसाठी. आपल्याकडे ८७० च्या वर मिग-२१ आली, त्यांतली सहाशेहून अधिक नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात उभी राहिली. एके काळी लढाऊ ताफ्यातला निम्म्याहून मोठा वाटा याच विमानाचा होता. सराव, गस्त, युद्ध, प्रशिक्षण, सगळा भार त्याच्यावर होता. जास्त उडणारेच जास्त पडलेले दिसणार. त्याच पिढीचे अमेरिकी एफ-१०४ पश्चिम जर्मनीने घेतले, तेव्हा ९१६ पैकी जवळपास २९० गमावले आणि शंभराहून अधिक वैमानिक दगावले. जर्मन लोक त्याला ‘विधवा करणारे विमान’ म्हणत. पहिल्या पिढ्यांची स्वनातीत विमाने सगळीकडेच चुकीला क्षमा न करणारी होती.

क्षमा न करणारी म्हणजे काय, ते उतरण्याच्या वेळी दिसते. मिग-२१ चे पंख आखूड आणि त्रिकोणी. वेगात ते उत्तम, पण वेग कमी झाला की नाक वर धरून, इंजिनाच्या जोरावरच तोलून धरावे लागते. धावपट्टीकडे येताना वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर, म्हणजे सेकंदाला ८० मीटरहून जास्त. नाक वर असल्याने समोरचे नीट दिसत नाही. वेग थोडा जरी घसरला तरी विमान झपाट्याने खाली बसते, आणि थ्रॉटल पुढे ढकलल्यावर इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढ्या सेकंदांत जमीन येते. टेकल्यावर शेपटीतून छत्री उघडून वेग मारायचा. अनुभवी हाताला हे सवयीचे होते, आणि ज्यांनी हे विमान वर्षानुवर्षे चालवले त्यांतले कित्येक त्याच्याबद्दल आजही मायेने बोलतात. पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ हवाई दलप्रमुख होते. त्यांनी चालवलेल्या विमानांतही मिग-२१ आहे. प्रश्न नवख्या हाताचा होता.

आणि तो हात कुठून येत होता? किरण या विमानावरून. किरण हे आवाजाच्या वेगाच्या आतले, शिकाऊला सांभाळून घेणारे जेट. त्यावरून उतरलेली बावीस-तेवीस वर्षांची मुले पुढे थेट मिग-२१ वर लढाऊ उड्डाण शिकायला बसत. आसामात तेजपूरला त्यासाठी खास प्रशिक्षण युनिट होते. वणीच्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्याला हे सांगायला नको, की ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खाणीतल्या अवाढव्य डंपरवर बसवून उतारावर पाठवले तर काय होईल, आणि झालेल्या अपघाताला डंपर खराब म्हणणे कितपत खरे ठरेल. मधली पायरी हवी, हे हवाई दलाला ठाऊक नव्हते असे नाही. एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. तशा ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बिदरला ती रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. एक अख्खी पिढी त्या मधल्या वर्षांत पायरीविना वर चढली. दुसरी दिरंगाई बदली विमानाची. तेजसचा कार्यक्रम १९८३ साली मंजूर झाला, पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ जुलै २०१६ ला. तोवर मिग-२१ काढायचे म्हटले तरी त्याच्या जागी उभे काय करणार?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की यंत्रातही दोष होतेच. होते. एकच इंजिन, ते बंद पडले तर हाती फार थोडा वेळ, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांची ओढाताण. सरकारनेही अपघातांची कारणे मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही सांगितली. पण ‘मानवी चूक’ वाचून वैमानिकाचीच चूक समजणे हा आणखी एक गैरसमज. ज्याला मधली पायरी मिळालीच नाही त्याची चूक कोणाच्या खात्यात मांडायची? दुसरा आक्षेप भावनेचा: ज्यांची मुले गेली त्यांना हे हिशेब काय सांगता? त्या घरांनीच हा प्रश्न सर्वांत नेमका विचारला आहे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडहून रात्री मिग-२१ घेऊन निघाले आणि उड्डाण घेताच गेले. वय २७. चौकशीत आधी वैमानिकाच्या दिशाभ्रमाकडे बोट दाखवले गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते निमूटपणे स्वीकारले नाही. वर्षानुवर्षे प्रश्न लावून धरले. वडील अनिल गाडगीळ हवाई दलाचेच निवृत्त विंग कमांडर. मुलाच्या नावाने या दोघांनी पुण्यात ‘जीत’ संस्था काढली, ती सिम्युलेटरवर वैमानिक घडवण्यासाठी. ‘शवपेटी’ हा शब्द पोहोचत नाही तिथे, प्रशिक्षणापर्यंत, हे दुःख पोहोचले. २००६ च्या ‘रंग दे बसंती’ चित्रपटामुळे मात्र लोकांच्या मनात राहिले ते पडणारे विमान.

या शब्दाने आणखी एक अन्याय होतो. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट डागणारी विमाने मिग-२१ च होती. त्या हल्ल्याच्या वेळीच पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला. ज्यांनी ते केले, आणि ओझरला ज्या कामगारांनी ही विमाने जोडली, त्यांच्या उभ्या आयुष्याच्या कामाचे नाव ‘शवपेटी’ नाही.

आता हवाई दलाबद्दलचे बाकीचे गैरसमज, थोडक्यात. ‘उडी मारली की वैमानिक सुटला’: खुर्ची बाहेर फेकली जाते तेव्हा पाठीच्या कण्यावर शरीराच्या वजनाच्या बारा-पंधरा पट भार येतो. कारगिलच्या वेळी मिग-२७ मधून बाहेर पडलेले नचिकेत पाठीच्या दुखापतीमुळे पुढे लढाऊ विमानांवरून मालवाहू विमानांकडे गेले. ‘१९६२ मध्ये हवाई दल घरी बसले होते’: लढाऊ विमाने वापरली नाहीत, हे खरे, पण एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे थेट चुशूलला नेऊन उतरवले. ‘बायका २०१६ पासून उडवायला लागल्या’: त्या वर्षी त्या लढाऊ विमानांवर आल्या; हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानांवर त्या १९९० च्या दशकापासून आहेत. ‘तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले’: समकालीन पुरावा नाही, आणि ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला देतात ते पुस्तक १९०४ च्या आधीचे नाही, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे.

शेवटचा गैरसमज मुकुटबनच्या त्या घरातलाच: हवाई दलात गेला म्हणजे पायलट झाला. हवाई दलात अधिकारी सुमारे बारा हजार, वायुसैनिक सव्वा लाखाच्या वर, आणि वैमानिक साधारण चार हजार. अग्निवीर वायू म्हणून चार वर्षांसाठी भरती होणारा मुलगा विमान चालवत नाही. त्याचे काम जमिनीवरचे असते. विमानाभोवती हाताशी ठेवायच्या अवजारांतला एक पाना जरी मोजणीत कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, इतके ते काटेकोर. या साऱ्या देखभालीचे मुख्यालय, मेंटेनन्स कमांड, आपल्या नागपुरातच आहे. वैमानिक व्हायचे असेल तर रस्ता वेगळा: बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ठेवून एनडीएची परीक्षा, किंवा पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि तिथे प्रवेशाची परीक्षा दहावीच्या वर्षीच द्यावी लागते.