साभार परत

मंडळी, गणपतीचा जमाखर्च आणि नाटकाच्या तिकिटांची सूचना यांच्यामध्ये दोन पाने मोकळी राहिली आहेत, तेव्हा 'काहीतरी खुसखुशीत लिहून द्या' असा आपल्या संपादकांचा निरोप आला. आमचे लेखन आजवर कधीही परत न करणारे हे एकमेव नियतकालिक, त्यामुळे नाही म्हणणे शक्य नव्हते. खुसखुशीत मात्र जमेलसे वाटत नाही. गेली पाच वर्षे आम्ही मराठीत कथा लिहितो आहोत आणि त्या परत येत आहेत, त्याविषयीच लिहितो.

हा विषय काढायला कारण गेल्या वर्षीची कोजागिरी. मसाला दूध गाळता गाळता एका ताईंनी हळूच सांगितले की त्यांच्याही तीन कथा परत आल्या आहेत. दुखण्याबद्दल बोलावे तसा त्यांचा आवाज खाली आला होता. मग आणखी एकांनी कबुली दिली, मग एका काकांनी. आपल्या साठ-सत्तर घरांच्या मंडळात चार लेखक आणि चौघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! मुलाला शाळेच्या संघात घेतले नाही तर आपण पार्किंग लॉटमध्ये उभे राहून अर्धा तास बोलतो. कथा परत आली तर बोलत नाही.

काकांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास ते पुण्या-मुंबईच्या मासिकांना कथा पाठवत. सोबत परतीचे पाकीट, त्यावर स्वतःचाच पत्ता आणि वर भारतीय तिकिटे. ती न्यू जर्सीत मिळणार कुठे? म्हणून भारतात गेले की लोक लोणची-पापड आणत, तसा काका पोस्टातून तिकिटांचा ताव आणत. महिन्या-दोन महिन्यांनी टपालपेटीत आपल्याच अक्षरातले पाकीट दिसले की ते उघडायची गरजच नसे. आत छापील चिठ्ठी, 'साभार परत'. काकू ते पाकीट काकांचे जेवण होईपर्यंत फ्रिजवर ठेवून देत.

आता पाकीट नाही, ई-मेल आहे. पण बहुतेक वेळा ती ई-मेलही येत नाही. दिवाळी अंक हाती पडला, अनुक्रमणिका वरून खाली आणि खालून वर वाचली आणि आपण त्यात नाही, म्हणजे नकार. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. आज शेकडो अंक निघतात आणि त्यातले कित्येक दोन-चार माणसे नोकरीधंदा सांभाळून काढतात. आपले हे वार्तापत्र काढताना किती दमछाक होते ते पाहिल्यापासून त्यांच्यावरचा आमचा राग बराच निवळला आहे. पूर्ण नाही.

दिवसा आम्ही रसायनशास्त्राची नोकरी करतो. तिथे नकार हा रोजचाच. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी आमची एक अभिक्रिया एकतीस वेळा फसली. बत्तिसाव्या वेळी जे मिळाले ते आम्हांला हवे होते ते नव्हतेच. शोधनिबंध परत येतो तेव्हा सोबत परीक्षकांची पानपानभर मते येतात. त्यांतला दुसऱ्या क्रमांकाचा परीक्षक खवट असतो, हे जगभरच्या प्रयोगशाळांत ठरलेले आहे. आपण दोन दिवस त्याच्या नावाने बोटे मोडतो आणि तिसऱ्या दिवशी दुरुस्तीला लागतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली सायट्रिक आम्लाच्या चक्रावरचे टिपण 'नेचर'ला पाठवले, तर आमच्याकडे आधीच भरपूर मजकूर साठला आहे असे कळवून ते परत आले. क्रेब्ज यांनी ते दुसरीकडे छापले आणि १९५३ साली नोबेल घेतले. नुसती जागा नसणे हेही नकाराचे कारण असते, हे आम्हांला प्रयोगशाळेत चटकन पटते. मग कथेच्या बाबतीत का पटू नये?

म्हणून आम्ही एक वही घातली. तारीख, कथा, कुठे पाठवली, शब्द किती, उत्तर काय, किती दिवसांनी. आजचा आकडा असा: नऊ कथा, तेवीस वेळा पाठवल्या. अकरा वेळा उत्तर नाही. नऊ वेळा साभार परत. दोन वेळा नकारासोबत संपादकांचे मत. एकदा स्वीकार. छापून आली ती कथा विनोदी होती, बर्फात अडकलेल्या गाडीची, दोन रात्रींत लिहिलेली. अंकात आमचे आडनाव चुकले, पण त्याआधीचा 'डॉ.' मात्र चांगला ठळक छापला होता.

वहीने दुःख कमी होत नाही. फक्त रात्री अकरा वाजता 'आपल्याला कोणीच विचारत नाही' असे वाटू लागते, तेव्हा वही उघडली की कळते, 'कोणीच' म्हणजे आठ माणसे, आणि त्यांतल्या पाचांनी बहुधा कथा उघडलेलीच नाही.

त्या दोन मतांपैकी एकाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे.

२०२१ च्या मे महिन्यात आमचे वडील सांगलीत गेले. त्या महिन्याच्या ४ तारखेपासून भारतातून येणाऱ्या, इथले नागरिक नसलेल्या बहुतेकांना अमेरिकेने प्रवेश थांबवला होता. गेलो असतो तर परत कधी येता आले असते, कोणी सांगू शकत नव्हते. आणि घरात सौ.ला सातवा महिना होता. फोनच्या पडद्यावर सगळे पाहिले. आपल्यापैकी अनेकांनी त्या वर्षी असेच पाहिले, म्हणून अधिक लिहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यावर कथा लिहिली. आठ पाने. लिहिताना रडलो, वाचतानाही रडलो. सौ.ला दाखवली. ती वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "यात बाबा कुठे आहेत?" आम्हांला राग आला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बाबाच तर आहेत! कथा तशीच पाठवून दिली.

सात आठवड्यांनी संपादकांचे उत्तर आले. प्रसंग हलवणारा आहे, पण कथा दुसऱ्या पानावरच संपते. उरलेली सहा पाने मुलाला काय वाटले याची आहेत, आणि वडिलांबद्दल वाचकाला काहीच कळत नाही, असा त्याचा आशय होता.

मंडळी, खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांला कथा नाकारल्यासारखे वाटले नाही. भेटायला आलेल्या माणसाने दारातून परत जावे तसे वाटले. आम्ही एक खरमरीत उत्तर लिहिले. 'आपण कधी कोणाला गमावले आहे का?' असे त्यात एक वाक्य होते. सुदैवाने पाठवले नाही. आठ दिवस ते ड्राफ्टमध्येच पडून होते. नवव्या दिवशी कथा पुन्हा वाचली आणि वडिलांविषयीची वाक्ये पेन्सिलने अधोरेखित करत गेलो. आठ पानांत चार निघाली. एकात ते आजारी होते, एकात ते गेले होते, आणि उरलेल्या दोनांत ते 'देवमाणूस' होते.

बाबा देवमाणूस नव्हते. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापून ठेवत आणि तिच्यावर दुधाचा हिशेब लिहीत. अर्धा लिटरसाठी गवळ्याशी तीन दिवस अबोला धरू शकत. आम्ही पहिल्यांदा इकडे यायला निघालो तेव्हा विमानतळाच्या दाराशी ते एवढेच म्हणाले होते, "पोचलास की मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, उगाच पैसे जायला नकोत." पुढे फोन फुकट झाले तरी दर रविवारी आधी एक रिंग देऊन ठेवायची, आणि मग ते सोयीने फोन करत. यातले एक अक्षर कथेत नव्हते. आम्ही स्वतःच्या दुःखात इतके गुंतलो होतो की ज्यांचे दुःख, त्यांनाच बाहेर उभे केले होते.

तेव्हा तो नकार बरोबर होता, असे आमचे आजचे मत आहे. सौ. म्हणते की तिचे मत फुकट मिळाले होते, म्हणून आम्ही ते घेतले नाही. यावर उत्तर नाही.

प्रत्येक नकार बरोबर असतो असे मात्र नाही. आमच्याच धंद्यातले प्रीमो लेवी घ्या. तुरीनचे रसायनतज्ज्ञ, आउश्विट्झमधून वाचून आले आणि तिथे जे पाहिले त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. एइनाऊदी या नामवंत प्रकाशनाने ते नाकारले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. लेवी रंगाच्या कारखान्यात नोकरी करत राहिले आणि १९५८ साली त्याच एइनाऊदीने ते पुस्तक छापले. त्यांच्या पुस्तकात माणसे होती. आमच्या कथेत नव्हती. नकार दोघांनाही, पण म्हणून दोन्ही नकार एका मापाचे होत नाहीत. 'अमक्यालाही आधी नाकारले होते' हे सांत्वन आम्हांला म्हणूनच फारसे लागू पडत नाही. ज्यांना नाकारले आणि पुढेही नाकारत राहिले, त्यांची नावे कोण सांगणार?

आर. के. नारायण यांची गोष्ट मात्र आवडते, ती वेगळ्या कारणासाठी. 'मालगुडी डेज' आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. त्यांची पहिली कादंबरी इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडून परत येत राहिली, तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डला शिकणाऱ्या मित्राला कळवले की हस्तलिखिताला वजन बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने ऐकले नाही. त्याने ते ग्रॅहम ग्रीनला दाखवले आणि १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' निघाली. आम्हांला हेवा वाटतो तो ग्रीनचा नव्हे, सांगितलेले न ऐकणाऱ्या त्या मित्राचा.

वडिलांची कथा आम्ही नव्याने लिहिली. आता ती मिस्ड कॉलपासून सुरू होते आणि पाच पानांची आहे. त्याच संपादकांना पुन्हा पाठवली. अंक भरला होता. दुसरीकडून साभार परत आली. जूनमध्ये तिसरीकडे पाठवली आहे, तीच वहीतली चोविसावी नोंद. उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे. या वेळी परत आली तर वाईट वाटेल, लाज वाटणार नाही.

यंदाच्या दिवाळी अंकांची दारे आता बंद झाली आहेत. पुढच्या वर्षीची आवाहने उन्हाळ्याच्या आसपास निघू लागतील, म्हणजे लिहायला सात-आठ महिने आहेत. शब्दमर्यादा पाळावी, मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा आणि एकच कथा एकाच वेळी दोघांना देऊ नये. दोघांनी छापली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

कोजागिरीच्या त्या चौघांनी मिळून असे ठरवले आहे की दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मराठी शाळा सुटल्यावर, त्याच वर्गात बसायचे. प्रत्येकाने परत आलेली एक कथा आणायची आणि ती दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. लेखकाने मध्ये बोलायचे नाही. काका १९८३ सालची एक कथा आणणार आहेत, पाकिटासकट. मुलांना बरोबर आणले तरी चालेल, शेजारच्या खोलीत कॅरम आहे. चहा मंडळाचा, खायचे ज्याचे त्याने आणावे.