कारागिराचा लौकिक

प्लंबर वा वायरमन यांचा लौकिक पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून पसरत असे. आज त्याचा बराच भार गूगलच्या नकाशावरील अभिप्रायांवर असतो. संतुष्ट ग्राहक बहुधा मौन पाळतो, रुष्ट ग्राहक मात्र आवर्जून लिहितो. म्हणून नळाला पाणी आले, दिवा लागला, की त्याच वेळी प्रत्येक ग्राहकास नम्रपणे विनंती करावी आणि अभिप्रायाचा दुवा मोबाइलवर पाठवावा. केवळ खूश ग्राहकांनाच गाठणे किंवा सवलतीच्या मोबदल्यात स्तुती मिळविणे गूगलच्या नियमांना मान्य नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या २०२२ च्या 'आयएस १९०००' या मानकानेही सचोटी व पारदर्शकता हीच तत्त्वे सांगितली आहेत. प्रतिकूल अभिप्राय आल्यास सौम्य उत्तर द्यावे, दोष दुरुस्त करावा व तसे तेथेच नमूद करावे. नवा ग्राहक तेही वाचत असतो.