स्क्रू पिळून वेग सारखा होत नाही

२७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जण पेंटबॉलचा, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याच्या खेळाचा, पहिला डाव खेळले. हातात होती ‘नेलस्पॉट ००७’ ही पिस्तुलं, म्हणजे तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायचं साधन. पेंटबॉलच्या बंदुकीला आजही ‘मार्कर’ म्हणतात ते त्यामुळेच. जिंकणाऱ्याने त्या दिवशी एकही गोळी झाडली नव्हती. गोळ्यांच्या वेगातली तफावत टाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही!

बाकीच्यांना मात्र गोळी झाडावी लागते आणि त्याआधी क्रोनोग्राफ या वेगमापकासमोर उभं राहावं लागतं. बहुतेक मैदानांवर सेकंदाला २८० ते ३०० फूट ही कमाल मर्यादा असते. ३०० फुटांनी सुटलेल्या तीन ग्रॅमच्या गोळीत सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते. ती डोळ्यावर बसली तर डोळा गमावण्याची वेळ येते. मास्कची सक्ती उगाच नाही.

पहिला गैरसमज या यंत्रासमोरच जन्मतो. एक गोळी झाडली, २८० आकडा आला, काम झालं! पण एका शिताने भाताची परीक्षा इथे होत नाही. समजा, एका मार्करच्या दहा गोळ्या २७५ ते २८५च्या दरम्यान गेल्या आणि दुसऱ्याच्या २६० ते ३००च्या. सरासरी दोघांची २८०च. तीस मीटरवर मात्र पहिल्याच्या गोळ्यांत उंचीचा फरक तीन-चार इंचांचा पडेल, दुसऱ्याच्या गोळ्यांत जवळपास फुटाचा. मर्यादा २८५ असेल, तर त्यातल्या ३००च्या गोळीने नियमही मोडलेला असतो.

मग हात जातो वेगाच्या स्क्रूकडे. स्क्रू पिळला की सगळेच आकडे वर सरकतात किंवा खाली; त्यांच्यातली तफावत तशीच राहते. घड्याळ कधी पुढे, कधी मागे पडत असेल, तर काटे फिरवून काय होणार?

दुसरा लाडका उपाय म्हणजे लांब नळी. दिसायला झोकदार, पण साधारण आठ-दहा इंचांतच वायूने गोळीला द्यायचा तो बहुतेक धक्का देऊन झालेला असतो. पुढच्या लांबीत घर्षणच जास्त. लांबीपेक्षा महत्त्वाचा असतो नळीचा आतला व्यास. गोळी म्हणायला ०.६८ कॅलिबरची, म्हणजे १७.३ मिलिमीटरची. प्रत्यक्षात दर खोक्यागणिक तिच्यात बारीक फरक असतो. तिचं कवच जिलेटिनचं, त्यामुळे दमट हवेत ती फुगते आणि मऊ पडते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दुसऱ्या दिवशी वापरली, तर मार्करला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा सोपी आहे. वायूची टाकी काढलेली असताना नळी मार्करपासून वेगळी करायची आणि तिच्या मागच्या तोंडात गोळी ठेवायची. ती आपोआप घरंगळली तर नळी सैल. हलक्या फुंकरीने सुटली तर जोडी जमली. गाल फुगवूनही हलली नाही तर नळी घट्ट.

वायूबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. ‘दाब तो दाब, कार्बन डायऑक्साइड काय आणि हवा काय!’ असं नसतं. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो: २० अंश सेल्सिअसला सुमारे ८३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), शून्य अंशाला सुमारे ५००. शिवाय द्रवाचा वायू होताना तो बाटलीचीच उष्णता ओढतो. भराभर गोळ्या झाडा आणि बाटलीला हात लावून बघा. ती गार पडलेली असते, थंडीच्या दिवसांत तर तिच्यावर पांढरं हिव धरतं. तेवढ्यात वेगही उतरलेला असतो.

दाबलेली हवा त्या मानाने शहाणी. टाकीत ३,००० किंवा ४,५०० पीएसआय दाब असला, तरी रेग्युलेटर तो उतरवून स्थिर पातळीवर मार्करला देतो. पण ‘हवा भरली, आता चिंता नाही’ हाही गैरसमजच. रेग्युलेटरही झिजतो.

खरी गंमत आकडे ओळीने वाचण्यात आहे. मार्कर थोडा वेळ नुसता राहिल्यावर पहिलीच गोळी जास्त वेगाने गेली, तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू झिरपतोय. त्याच्या आतली, दाब रोखून धरणारी सीट तपासावी. पहिलीच गोळी मंद गेली आणि पुढच्या ठीक, तर बोल्टवरच्या, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागावरच्या, ओ-रिंगा (रबरी कड्या) चिकटून बसताहेत. वंगण सुकलं असेल. भराभर झाडताना आकडे उतरत गेले, तर वायू गार पडतोय किंवा रेग्युलेटर पुरेशा वेगाने भरत नाही. कसलीच शिस्त नसलेली वरखाली दिसली, तर संशय आधी गोळ्यांवर घ्यावा.

वंगण म्हटलं की ‘जास्त तेल म्हणजे जास्त काळजी’ हा समज आड येतो. उत्पादकाने सांगितलेलं वंगण, तेही पातळ थरातच लावायचं. टाकी भरायच्या तोंडात तर तेलाचा थेंबही जाता कामा नये. उच्च दाबाची हवा घुसताना तापते आणि तेल पेट घेऊ शकतं.

म्हणून पुढच्या वेळी आकडे नाचले, तर आधी ताज्या गोळ्या घ्या, मग नळी जुळवा, त्यानंतर वायू आणि ओ-रिंगा बघा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर दहा गोळ्या मोजा. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आणि मार्कर उघडण्यापूर्वी गोळ्यांचा डबा काढा, टाकी काढा आणि सुरक्षित दिशेला धरून आत अडकलेला वायू सोडून द्या. तोवर डोळ्यांवरचा मास्क उतरवू नका.